हृदयाची ओळख

३ ऑगस्ट २०१५ रोजीं दुपारीं मुंबईच्या उपनगरांत एक विलक्षण दृश्य दिसलें. विमानतळापासून मुलुंडपर्यंतचा रस्ता पोलिसांनीं मोकळा करून ठेवला होता. ज्या रस्त्यावर एरवीं चार पावलें पुढें सरकण्यास घटकाभर वाट पाहावी लागते, त्यावरून एक रुग्णवाहिका भरधांव निघून गेली. तींत कोणी मंत्री नव्हता, रोगीहि नव्हता. तींत एक पेटी होती, आणि पेटींत बर्फाच्या थंडाव्यांत एक मानवी हृदय ठेवलेलें होतें. पुण्याच्या जहांगीर रुग्णालयांत ज्या व्यक्तीचा मेंदू कायमचा थांबला होता, तिच्या नातलगांनीं तें दिलें होतें. विमानानें मुंबईस आणि तेथून रस्त्यानें मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयांत तें सुमारें दीड तासांत पोंचलें. डॉ. अन्वय मुळे यांच्या पथकानें तें एका तरुणाच्या छातींत बसविलें, आणि तें पुन्हां चालूं लागलें.

मुंबईंत असा प्रयत्न पूर्वीं १९६८ सालीं झाला होता. मध्यें सत्तेचाळीस वर्षें गेलीं. एवढा काळ कां जावा? शस्त्रक्रियेचें कौशल्य अपुरें होतें, औषधें नव्हतीं, हीं कारणें आहेतच. पण त्यांहून एक खोल कारण आहे. मनुष्यानें आपल्या विचारांत हृदयाला जें स्थान देऊन ठेवलें होतें, तेथून तें हलविल्याखेरीज एका छातींतून दुसऱ्या छातींत तें हलवितां येत नाहीं. विचारांतलें हें स्थलांतर कसें घडलें, आणि त्या ओघांत हृदयाची रचना माणसाला कशी उमगत गेली, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम आपली भाषाच पाहा. मूल वेळेवर घरीं आलें नाहीं, तर आईच्या काळजाचा ठोका चुकतो. वाईट बातमी ऐकून काळजाचें पाणी होतें. शूर माणसाचें काळीज मोठें असतें. परंतु या ‘काळीज’ शब्दाचा दुसरा अर्थ यकृत असाहि आहे, आणि खाटकाच्या दुकानीं जी कलेजी मिळते ती यकृताचीच असते. हृदय आणि यकृत यांची ही गल्लत केवळ आपल्या बोलण्यांतली नव्हे. पुढें आपण पाहूं कीं, मोठमोठ्या पंडितांचाहि या दोन इंद्रियांच्या बाबतींत शतकानुशतकें घोटाळा झालेला होता.

आपल्या प्राचीन वैद्यकांत हृदय हें चेतनेचें स्थान मानलें आहे. सुश्रुतसंहितेंत त्याला खालीं तोंड केलेल्या कमळाच्या कळीची उपमा दिली असून, माणूस जागा असतां तें उमलतें आणि झोपला असतां मिटतें, असें म्हटलें आहे. उपमेचा पहिला भाग निरीक्षणाचा आहे. हृदयाचें रुंद बूड वर आणि निमुळतें टोंक खालीं डावीकडे असतें. तें ज्यानें पाहिलें, त्यालाच ही उपमा सुचेल. सुश्रुतानें तें पाहण्याची रीतिहि सांगून ठेवली आहे. मृतदेह गवतानें व सालींनीं गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, वाहत्या पाण्यांत निवांत जागीं ठेवावा. सात रात्रींनंतर तो बाहेर काढून वाळा, केस, बांबू यांच्या कुंच्यानें हळूहळू घांसावा, आणि एकेक थर सुटत जाईल तसा डोळ्यांनीं पाहावा. प्रत्यक्ष पाहिल्यावांचून शल्यवैद्यानें स्वतःस जाणता समजूं नये, हा त्यामागील आग्रह थोर आहे. मात्र पाण्यांत मऊ झालेल्या देहांत हृदयाच्या आंतील पातळ पडदे शाबूत राहणें कठीण. त्यामुळें या रीतीनें बाहेरचें रूप कळलें, तरी आंतलें घर बंदच राहिलें असावें.

पश्चिमेकडे हें घर उघडण्याचा यत्न दुसऱ्या शतकांत रोमच्या गेलेन या वैद्यानें केला. त्यानें माकडें, डुकरें असे प्राणी फाडून पाहिले. त्याचें मत असें कीं, रक्त यकृतांत तयार होतें, तेथून शरीरभर जातें आणि पिकाला दिलेल्या पाण्यासारखें जिरून जातें. त्यांतलें थोडें रक्त हृदयाच्या उजव्या भागांत येतें, आणि मधल्या भिंतींतील सूक्ष्म छिद्रांवाटे डाव्या भागांत झिरपतें. हीं छिद्रें कोणीं पाहिलीं होतीं? कोणींच नाहीं. पण गेलेननें सांगितलीं, म्हणून तेराशें वर्षें तीं अस्तित्वांत राहिलीं.

त्यांविरुद्ध पहिला स्पष्ट आवाज तेराव्या शतकांत निघाला. दमास्कस येथें शिकलेला आणि कैरो येथें वैद्यकी करणारा इब्न अल्-नफीस यानें लिहिलें कीं, मधली भिंत जाड व बंद आहे; रक्ताला उजवीकडून डावीकडे जावयाचें, तर फुप्फुसांतून फिरूनच जावें लागेल. त्याचा हा ग्रंथ विस्मृतींत गेला, आणि १९२४ सालीं बर्लिन येथील ग्रंथसंग्रहांत एका इजिप्शियन वैद्याच्या नजरेस पडला, तेव्हां जगाला त्याची थोरवी कळली. दरम्यान १५४३ सालीं वेसेलियसनें मानवी देहाच्या रचनेवरील आपला महाग्रंथ छापला. त्या पहिल्या आवृत्तींत त्यानें छिद्रांपुढें अजून मान तुकविली आहे. १५५५ च्या दुसऱ्या आवृत्तींत मात्र आपल्याला त्या भिंतींतून वाट दिसत नाहीं, असें त्यानें उघड लिहिलें. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट ‘दिसत नाहीं’ एवढें म्हणण्यासहि विद्वानाला बारा वर्षें लागतात!

कोडें सोडविलें तें इंग्लंडच्या विल्यम हार्वेनें, १६२८ सालीं. म्हणजे शिवजन्माच्या दोन वर्षें आधीं. त्याची युक्ति कोणाहि गृहिणीला पटेल अशी आहे. त्यानें हिशेब केला. त्याचा हिशेब आजच्या आंकड्यांत मांडूं. प्रौढ माणसाचें हृदय एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर रक्त बाहेर टाकतें. मिनिटास ठोके सुमारें ७० पडतात. म्हणजे मिनिटाला जवळजवळ ५ लिटर रक्त झालें. तासाला ३०० लिटर! आपल्या घरीं पाणी भरून ठेवावयाचें दोनशें लिटरांचें पिंप असतें, तशीं दीड पिंपें एका तासांत. एवढें रक्त यकृतानें कोठून नवें तयार करावें, आणि शरीरानें कोठें जिरवावें? शरीरांत एकंदर रक्तच सुमारें ५ लिटर असतें. तेव्हां उत्तर एकच: तेंच रक्त फिरून फिरून येतें.

हार्वेचा गुरु फाब्रिसियस यानें शिरांतील झडपांचें वर्णन १६०३ सालीं छापलें होतें, पण त्या कशासाठीं आहेत तें त्याला उमगलें नव्हतें. त्या रक्ताला हृदयाकडेच जाऊं देतात, मागें फिरूं देत नाहींत, हें हार्वेनें दंडाला पट्टी बांधून दाखविलें. श्रोत्यांनीं स्वतःच्या हातावर हें पाहावें. मनगटाकडची फुगलेली शीर एका बोटानें दाबून धरा, आणि दुसऱ्या बोटानें तिच्यांतलें रक्त कोपराकडे सारा. मधला भाग रिकामा राहतो, आणि पहिलें बोट उचललें कीं खालून भरून येतो. एक दुवा मात्र हार्वेला सांपडला नाहीं: रोहिणींतलें रक्त शिरांत जातें कसें? तो १६५७ सालीं वारला, आणि चारच वर्षांनीं, १६६१ सालीं, मालपिगीनें सूक्ष्मदर्शकांतून बेडकाच्या फुप्फुसांत केसाहून बारीक वाहिन्या पाहिल्या. वर्तुळ पुरें झालें.

आतां त्या घरांत आपणहि डोकावूं. हृदय आपल्या मुठीएवढें असतें. वजन सुमारें ३०० ग्रॅम. छातीच्या मधल्या हाडामागें, दोन फुप्फुसांच्या मधोमध, किंचित् डावीकडे कललेलें, दुपदरी आवरणांत तें असतें. दोन मजली, दोन बिऱ्हाडांचें घर अशी त्याची कल्पना करावी. वरच्या दोन खोल्यांना आपल्या शास्त्रीय परिभाषेंत ‘अलिंद’ म्हणतात, खालच्या दोहोंना ‘निलय’. संस्कृतांत अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे राहतें घर. हीं नांवें समर्पक आहेत. कारण रक्त येतें तें आधीं ओसरीवर टेकतें आणि मग आंत जातें. दोन बिऱ्हाडांमधली भिंत सलग असते. जन्मापूर्वीं वरच्या मजल्यावर एक खिडकी असते, कारण गर्भाला स्वतःच्या फुप्फुसांनीं श्वास घ्यावयाचा नसतो. जन्मल्यावर ती सामान्यतः मिटून जाते.

शरीरभर फिरून मळलेलें रक्त दोन महाशिरांवाटे उजव्या अलिंदांत येतें. तेथून तीन पाकळ्यांच्या झडपेंतून उजव्या निलयांत, आणि तेथून फुप्फुसांकडे जातें. प्राणवायु घेऊन लाल झालेलें रक्त चार शिरांनीं डाव्या अलिंदांत परततें, दोन पाकळ्यांच्या झडपेंतून डाव्या निलयांत उतरतें, आणि महारोहिणीवाटे सर्व शरीराला जातें. उजव्या निलयाला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त ढकलावयाचें असतें; डाव्याला तें डोक्यापासून पायाच्या आंगठ्यापर्यंत पोंचवावयाचें असतें. म्हणून डाव्याची भिंत उजव्याच्या सुमारें तिप्पट जाड असते. झडपांच्या पाकळ्यांना खालून बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात; वाऱ्यानें छत्री उलटावी तशा त्या पाकळ्या रक्ताच्या दाबानें उलटूं नयेत, ही त्यांतली योजना. छातीला कान लावल्यास जे दोन आवाज येतात, ते या झडपा मिटण्याचे: पहिला अलिंद-निलयांमधील झडपांचा, दुसरा बाहेर जाणाऱ्या दोन मोठ्या वाहिन्यांच्या तोंडाशीं असलेल्या झडपांचा. आणखी एक नवल सांगतों. एवढें रक्त पोटांतून जात असतांहि हृदयाच्या जाड भिंतींना त्यांतून पोषण घेतां येत नाहीं. महारोहिणीच्या आरंभींच फुटणाऱ्या दोन लहान रोहिण्या परत हृदयावरच पसरतात, आणि त्याचें अन्न त्याला बाहेरून पोंचवितात. त्यांतली एखादी बुजली, म्हणजे ज्याला आपण हृदयविकाराचा झटका म्हणतों तो येतो.

ही विद्या मुंबईंत कशी आली? देह फाडून पाहणें हें आपल्याकडे सुश्रुतानंतर लोप पावलें होतें, आणि प्रेताच्या स्पर्शाचा विटाळ मानला जात होता. १८३६ सालीं कलकत्त्यास मधुसूदन गुप्त यांनीं प्रेतच्छेदन करून हें बंधन तोडलें. ते आयुर्वेदाचे अध्यापक होते, आणि सुश्रुतसंहितेच्या छापील आवृत्तीचें काम त्यांनींच पाहिलें होतें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. मुंबईंत गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ सालीं ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें, आणि शेजारींच जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचें रुग्णालय उभें राहिलें. तेथील पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड होते. पुढें १९२६ सालीं परळला के. ई. एम. रुग्णालय व सेठ गोरधनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज सुरूं झालें. तेथें शिकविणारे हिंदीच असले पाहिजेत, अशी दात्यांची अट होती. आणि १९४९ सालीं मुंबई राज्यानें शारीरशास्त्रासंबंधीं कायदा करून बेवारस प्रेतें वैद्यक शिक्षणासाठीं देण्याची व्यवस्था लावली. विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्या ज्या देहांवर हृदयाचे कप्पे मोजावयास शिकल्या, त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवें कोणालाच ठाऊक नाहींत. रस्त्यावर मरण पावलेल्या त्या निराधारांचें आपल्यावर हें एक न फिटणारें ऋण आहे.

त्याच परळच्या के. ई. एम. मध्यें डॉ. प्रफुल्लकुमार सेन शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख होते. कुत्र्यांवर अनेक प्रयोग करून त्यांच्या पथकानें हृदयरोपणाची तयारी केली होती. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं जगांतलें पहिलें मानवी हृदयरोपण केलें, आणि अवघ्या अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, सेन यांनीं हिंदुस्थानांतलें पहिलें केलें.

ही शस्त्रक्रिया शक्य झाली ती रचनेच्या ज्ञानामुळेंच. हृदयाला आठ मोठ्या वाहिन्या जोडलेल्या असतात: दोन महाशिरा, फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरा, फुप्फुसांकडे जाणारी एक रोहिणी आणि महारोहिणी. आठहि शिवीत बसावें, तर वेळ पुरावयाचा नाहीं. कारण बर्फांत ठेवलेलें हृदय सुमारें चार तासच टिकतें. अमेरिकेंतील लोअर आणि शमवे यांनीं १९६० सालीं एक सोपी वाट दाखविली होती. रोग्याच्या दोन्ही ओसऱ्यांच्या मागच्या भिंती जागच्या जागीं ठेवावयाच्या; म्हणजे सहाही शिरा आपोआप जागेवर राहतात, आणि शिवण फक्त चार ठिकाणीं घालावी लागते. नव्या हृदयाला चालावयास कोणी सांगावें लागत नाहीं. उजव्या अलिंदाच्या भिंतींत महाशिरेच्या तोंडाशीं पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. १९०७ सालीं कीथ आणि फ्लॅक यांनीं तो शोधून काढला. ठोक्याचा इशारा तेथून निघतो. तो पुंजका नव्या हृदयाबरोबरच येतो, आणि ऊब व रक्त मिळतांच आपलें काम सुरूं करतो.

सेन यांचा रोगी शस्त्रक्रियेनंतर सुमारें तीन तास जगला. त्याच वर्षीं त्यांनीं केलेल्या दुसऱ्या प्रयत्नांतहि रोगी एका दिवसापलीकडे वांचला नाहीं. परक्या इंद्रियाला शरीर नाकारतें. तें आटोक्यांत ठेवणारें सायक्लोस्पोरिन हें औषध वापरांत येण्यास १९८० च्या सुमाराचा काळ उजाडला. पण आपल्याकडे तेव्हांहि हृदयरोपणें होईनात, कारण कायदा मरणाची जुनीच खूण ओळखत होता: हृदय थांबलें, म्हणजे माणूस मेला. रोपणाला तर न थांबलेलें हृदय हवें! ही गांठ सुटण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं संसदेनें मानवी इंद्रियांच्या रोपणाचा कायदा केला, आणि मेंदूच्या खोडाचा कायमचा अंत म्हणजे मृत्यु, हें मान्य केलें. ज्या राज्यांच्या विनंतीवरून हा कायदा झाला, त्यांत गोवा आणि हिमाचल प्रदेश यांच्या जोडीला महाराष्ट्रहि होता. त्याच वर्षीं ३ ऑगस्टला दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनीं हिंदुस्थानांतलें पहिलें यशस्वी हृदयरोपण केलें. बरोबर एकवीस वर्षांनीं, त्याच तारखेस, मुलुंडला ती पेटी पोंचली.

श्रोतेहो, रोपण केलेल्या हृदयाविषयीं एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाहीं. तें काढतांना मेंदूकडून येणारे मज्जातंतु तुटतात, आणि ते लगेच जुळत नाहींत. त्यामुळें तें स्वतःच्याच तालानें, नेहमींपेक्षां जरा जलद चालतें. अशा माणसाला एकाएकीं भय वाटलें, तर मन दचकतें. पण हृदय रक्तांतून निरोप येईपर्यंत आपल्या संथ नादांतच राहतें. काळजाचा ठोका चुकतो तो काळजामुळें नव्हे, याचा याहून चांगला पुरावा कोणता? तरीहि तो माणूस पूर्वींइतकाच प्रेम करतो, रडतो, हंसतो. चेतना त्या कमळांत नव्हती.

हें ज्ञान पुस्तकांत वाचणें सोपें आहे. पण रुग्णालयाच्या बाहेर बांकावर बसलेल्या एखाद्या बापाला जेव्हां डॉक्टर सांगतात, ‘तुमचा मुलगा गेला,’ आणि कांचेपलीकडे त्याची छाती वर-खालीं होतांना, हात ऊन असतांना त्याला दिसतो, तेव्हां त्या बापाला सुश्रुतापासून आतांपर्यंतचा सारा इतिहास कांहीं तासांत ओलांडावयाचा असतो. आपली भाषा, आपले डोळे, आपला हात, तिघेहि त्याला सांगत असतात कीं मुलगा जिवंत आहे. अशा वेळीं ‘घ्या’ म्हणणारीं माणसें आपल्या समाजांत निघालीं, म्हणूनच ती पेटी मुलुंडला पोंचूं शकली. शस्त्रवैद्याचा हात कितीहि कुशल असला, तरी या एका शब्दावांचून तो रिकामाच राहतो.

२०२३ सालापासून ३ ऑगस्ट हा दिवस देशांत अवयवदान दिन म्हणून पाळला जातो. दिवस पाळावा, पण त्याची वाट पाहूं नये. त्या कठीण घटकेला विचार करण्यास उसंत नसते. म्हणून आपल्या मनांत काय आहे तें, होकार असो वा नकार, आज रात्रीं जेवावयास बसतां तेव्हांच घरच्यांना सांगून ठेवावें. आपल्यामागें त्यांना अंदाज करीत बसावें लागूं नये, एवढें तरी आपण त्यांच्यासाठीं करूं शकतों.